दहा हजार सहाशे फुलांचा आनंद

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस आले, की मला गिरगावातलं मावशीचं बिऱ्हाड आठवतं, आणि आठवतं ते नाकानं. चाळीतल्या दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. एरवी घासलेट, फोडणी आणि लाकडी जिन्याचा कुबटपणा हे तिथले वर्षभराचे वास. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मात्र ते सगळे माघार घेत. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडे, ताटात तिळगूळ आणि वाणाच्या वस्तू मांडल्या जात आणि चांदीच्या अत्तरदाणीतून हिना नाहीतर गुलाब दरवळू लागे. येणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटामागे अत्तराचं बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. आम्हा मुलींना त्या शिडकाव्याचं फार आकर्षण. मी दोनदोनदा रांगेत जाऊन उभी राहायची.

यजमानीण असायच्या मावशीच्या जाऊबाई. मावशी स्वयंपाकघरात. अत्तरदाणी घासायची ती, अत्तर भरायची ती, कापसाचे फाये वळायची ती. हे सगळं झालं, की मोरीत जाऊन साबणानं हात खसखसून धुवायची आणि दार अर्धं ओढून आत बसायची. १९७६ साली काका गेले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. त्यानंतर तिनं अत्तर लावलं नाही, गजरा माळला नाही. ‘लावू नकोस’ असं तिला कुणी तोंडानं सांगितल्याचंही मला आठवत नाही. सांगावं लागत नसे, हेच त्या रीतीचं सामर्थ्य. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा तिला विचारलं होतं, ‘मावशी, तू हात का गं धुतेस?’ ती म्हणाली, ‘पोळ्या करायच्यात अजून.’ पोळ्या तर सकाळीच झालेल्या होत्या.

याच मावशीच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, एक बाटली होती. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, काळ्या काचेची, लाल बुचाची. काका जहाजावर इंजिनीअर होते. १९७४ साली त्यांनी ती मार्सेच्या बंदरातून आणली होती. बुचाभोवतीचं दोऱ्याचं सील तसंच होतं. डब्यावर तीन इंग्रजी अक्षरं: जॉय. म्हणजे आनंद. मावशी ती बाटली आम्हाला वर्षातून एखाद्या वेळी दाखवायची, हातात द्यायची नाही.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि काही वर्षं एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. साबण, उदबत्त्या, केसांची तेलं यांचे वास ठरवणं हे आमचं काम. तिथं आल्यावर मला कळलं, की मावशीच्या साड्यांखाली काय झोपलेलं आहे!

जॉयची गोष्ट सुरू होते ती मंदीत. ज्याँ पातू हा पॅरिसचा नामवंत वस्त्रकार. १९२० च्या दशकात टेनिसपटू सुझान लाँग्लेनला गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पांढरा स्कर्ट देऊन त्यानं खेळाच्या मैदानावरच्या स्त्रीचं रूपच बदललं होतं. त्याच्या कपड्यांच्या गिऱ्हाइकांत श्रीमंत अमेरिकन स्त्रिया पुष्कळ. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि या बायकांचं पॅरिसला येणं थांबलं. अशा वेळी शहाणा व्यापारी काय करील? भाव उतरवील. पातूनं नेमकं उलट केलं. १९३० साली त्यानं एक अत्तर काढलं आणि ‘जगातलं सर्वांत महागडं अत्तर’ म्हणूनच त्याची जाहिरात केली. कपडे घ्यायला येऊ न शकणाऱ्या आपल्या अडीचशे अमेरिकन गिऱ्हाइकांना त्यानं या अत्तराच्या बाटल्या भेट म्हणून पाठवल्या, असं सांगतात.

अत्तर बांधलं होतं आँरी आल्मेरास या सुगंधकारानं. १९२५ साली त्यानं पातूसाठी तीन अत्तरं केली होती, स्त्रियांच्या केसांच्या तीन रंगांसाठी तीन. जॉयची दंतकथा अशी, की पातू आपली मैत्रीण एल्सा मॅक्सवेल हिला घेऊन ग्रास गावी गेला. ही बाई अमेरिकेतल्या बड्या लोकांच्या मेजवान्या रंगवण्यात पटाईत होती. आल्मेरासनं नमुन्यामागून नमुने पुढे ठेवले, यांना एकही पसंत पडेना. शेवटी वैतागून त्यानं एक बाटली काढली आणि सांगितलं, की हे विकणं शक्य नाही, याचा खर्चच परवडणार नाही. दोघांनी तेच उचललं. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. व्यापारातल्या गोष्टी रंगवलेल्याच असतात. पण त्या बाटलीत फुलं मात्र खरोखरच ओतलेली होती. कंपनीचा दावा असा, की ३० मिलिलिटर जॉयमध्ये जाईची १०,६०० फुलं आणि २८ डझन गुलाब असतात.

हा आकडा वाचून मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रासमध्ये ज्या फुलाची शेती होते, ती आपली जाईच. कुणी तिला चमेली म्हणतं. शास्त्रीय नाव जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. ती मूळची तिकडची नाहीच, आशियातून तिकडे गेलेली. एक किलो जाई म्हणजे साधारण आठ ते दहा हजार फुलं. ती पहाटे, ऊन चढायच्या आत, एकेक करून खुडावी लागतात आणि सरावलेल्या हातालाही किलोभर खुडायला काही तास लागतात. अशी सहाशे-सातशे किलो फुलं द्रावणात भिजवून, ते द्रावण उडवून, उरलेला मेणचट गोळा अल्कोहोलनं धुतला, की जाईचा एक किलो शुद्ध अर्क हाती येतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका बाटलीमागे एका बाईची एक आख्खी सकाळ आणि वर गुलाब वेगळे.

जाईचा एक हट्टी स्वभाव आहे. गुलाब उकळवला तर त्याचं अत्तर मिळतं. आपल्या कनौजमध्ये तांब्याच्या देगेत गुलाब उकळून ती वाफ चंदनतेलात उतरवायची रीत आहेच. जाई उकळवली, की तिचा जीव जातो. आणि गंमत अशी, की खुडल्यानंतरही ती जवळजवळ दिवसभर नवा सुगंध करत राहते. म्हणून ग्रासचे लोक काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर फुलं पसरत, दुसऱ्या दिवशी ती काढून नवी ठेवत आणि असं आठवडेच्या आठवडे चाले. आपल्याकडे हेच काम तिळांनी केलं. तिळाच्या थरावर फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. फुलं बदलत राहायची आणि शेवटी ते तीळ घाण्याला लावायचे. चमेलीचं तेल होतं ते असं. चरबी काय किंवा तीळ काय, मरणाऱ्या फुलाचा शेवटचा श्वास धरून ठेवायची ही युक्ती दोन देशांना सुचली.

आता या अत्तराचा स्वभाव. प्रयोगशाळेत आम्ही वासाचे तीन भाग मानायचो: पहिला वास, मधला वास आणि बुडाचा वास. पहिला पाच-दहा मिनिटांचा पाहुणा, मधला घरचा माणूस आणि बुडाचा दुसऱ्या दिवशीही कपड्यात सापडणारा. जॉयचा पहिला वास थोडा हिरवा, थोडा पीच या फळासारखा आणि वर एक स्वच्छ, साबणासारखी चमक. ही चमक आल्डिहाइड नावाच्या रसायनांची. १९२१ च्या शनेल नंबर पाचनं ती लोकप्रिय केली होती. पण नंबर पाचमध्ये त्या चमकेचाच थाट असतो. जॉयमध्ये ती दार उघडून बाजूला होते आणि मागून गुलाब आणि जाई एकदम, हातात हात घालून येतात. त्यांच्या मागे निशिगंध आणि आपल्या हिरव्या चाफ्याच्या, सीताफळाच्या कुळातलं इलांग-इलांग.

या गर्दीत एकही फूल वेगळं काढता येत नाही. हा गुलाब, असं म्हणेपर्यंत तो जाई झालेला असतो. लग्नघरात शिरल्यावर जसं कोण कुणाचं ते लगेच कळत नाही, नुसती भरलेली माणसं दिसतात, तसं. माझ्या मते जॉयची श्रीमंती ती हीच. किंमत नंतर. ते अत्तर कुठेही हात आखडता घेत नाही.

आणि मग बूड. तिथं चंदन आहे, कस्तुरी आहे आणि जवादी मांजराच्या ग्रंथीतल्या स्रावाचा उग्र, जनावरी वास आहे. (हा स्राव पूर्वी प्राण्यापासून काढत. नंतर त्याची जागा रसायनशाळेतल्या पर्यायांनी घेतली.) इतक्या नाजूक फुलांच्या खाली मांजर कशाला, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. पण जाई तरी कुठे इतकी सोवळी आहे? तिच्या अर्कात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. तेच विष्ठेतही असतं. रात्री माळलेल्या गजऱ्याला सकाळी उशीवर जो एक जड, शिळा, किंचित लाजिरवाणा वास येतो तो आठवा. इंडोल काढून टाकलं तर जाई राहत नाही, जाईचा साबण राहतो. स्वस्त उदबत्तीतली चमेली बेंझिल ॲसिटेटवर उभी असते. ती गोड असते, केळ्याच्या गोळीसारखी, आणि कुणाला कधीही संकोचात टाकत नाही. जॉय टाकतं. ते कुमारिकेचं अत्तर नाही. त्यातली स्त्री चाळिशीची असावी, अंगानं भरलेली, हसताना पदर तोंडाला न लावणारी. दुःख तिला माहीत आहे, पण आत्ता ती जेवायला बसली आहे आणि तिला भूक आहे.

मंदीच्या वर्षात हे अत्तर का चाललं असेल, याचं उत्तर मला इथं सापडतं. ‘आनंद’ हे नाव देताना पातूनं नाजूक, उडतं काही केलं नाही. जगाचं दिवाळं वाजलेलं असताना त्यानं भरलेलं ताट पुढे ठेवलं. हे ताट मूठभरांनाच परवडणारं होतं, आणि फुलं खुडणाऱ्या बाईला त्यातला थेंब मिळण्याची शक्यता नव्हती, हेही तितकंच खरं. आज जगाला लागणारा जाईचा बहुतेक अर्क इजिप्त आणि आपल्या तमिळनाडूतून जातो. पहाटे डोक्याला दिवा बांधून खुडलेली फुलं अर्क होऊन परदेशी जातात आणि नक्षीदार बाटलीत बसून आपल्याच विमानतळांवर परत येतात. सुगंधाच्या धंद्यात असताना हा हिशेब मला कधी सुखानं झोपू देत नसे. आणि तरी जॉयचा कागद नाकाशी धरला, की मी हिशेब विसरत असे. दोन्ही कबूल करते.

१९९६ च्या संक्रांतीला मी मावशीकडे गेले. जाऊबाईंचं हळदीकुंकू दोन दिवसांवर होतं. मी मावशीला म्हटलं, ‘ती बाटली उघडू या.’

‘वीस-बावीस वर्षं झाली. पाणी झालं असेल त्याचं.’

मी तिला समजावलं, की अत्तराचे शत्रू दोन, उजेड आणि हवा. बाटली काळी, कपाट बंद, सील शाबूत. काही होत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाही सांगितली नव्हती. काकांनी बाटली हातात दिली तेव्हा कौतुकानं म्हटलं होतं, ‘दुकानदार सांगत होता, ह्यात दहा हजार फुलं आहेत.’ आणि मावशी म्हणाली होती, ‘एवढे पैसे घालवलेत! त्यापेक्षा कोपऱ्यावरून एक गजरा आणला असतात तर?’

काका हसले होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच गजरा आणला, आणि नंतर घरी असले, की रोज आणत राहिले. बाटली ‘काहीतरी खास असेल तेव्हा’ म्हणून कपाटात गेली. दोन वर्षांनी काका गेले. गजरा बंद झाला. कपाटात दहा हजार फुलं तशीच राहिली.

‘मी असं बोलायला नको होतं गं,’ मावशी म्हणाली. वीस वर्षं ती हे बाळगून होती.

मी सील कापलं. बूच घट्ट बसलं होतं, कोमट पाण्याचा फडका गुंडाळून सोडवावं लागलं. पहिला वास बिघडला होता. थोडा आंबूस, नखांच्या रंगासारखा. मावशीचा चेहरा पडला. मी म्हटलं, ‘थांब जरा.’ जुन्या अत्तरात आधी मरतो तो पहिला वासच. त्याच्या खालचे बहुधा तगून असतात. तिनं सवयीनं बुचाचं टोक माझ्या मनगटामागे टेकवलं, हळदीकुंकवाला टेकवतात तसं. मग मी तिचा हात ओढून घेतला. तो हात तिनं मागे घेतला नाही.

दहा मिनिटांनी ती आली. जाई, गुलाब, सगळी बिऱ्हाडं घेऊन. त्या दीड खणाच्या स्वयंपाकघरात मावत नव्हती. मावशी पुन्हा पुन्हा मनगट नाकाशी नेत होती. अर्ध्या तासानं म्हणाली, ‘हा नव्या नवरीचा वास नाही गं. संसार केलेल्या बाईचा आहे.’ आणि थोड्या वेळानं, ‘ह्यांना कसं कळलं असेल?’

ती त्या वर्षी हळदीकुंकवाला बाहेर येऊन बसली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती आतच बसली. पण त्या दिवशी तिनं हात धुतले नाहीत. पुढे दर शनिवारी दुपारी, वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसताना ती एक थेंब लावायची. कुणी येणार नसे, कुठे जायचं नसे. जाऊबाईंना वास येत असणारच, पण त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला बाहेरच्या बायकांचं झाल्यावर त्या अत्तरदाणी घेऊन स्वयंपाकघरात आल्या, मावशीच्या मनगटाला हिना लावला आणि ‘पोहे संपलेत का गं?’ असं विचारून परत गेल्या. आमच्या घरात क्रांती झाली ती एवढीच. पण मला ती पुरेशी वाटली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांसंबंधीच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तेच आवाहन केलं. बातमी वाचली तेव्हा मावशी जाऊन अकरा वर्षं झाली होती. ठरावानं रीती एका दिवसात जात नाहीत, हे खरं. पण ज्या गोष्टी कुणी तोंडानं सांगतसुद्धा नव्हतं, त्या कागदावर लिहून ‘हे थांबवा’ म्हणणं ही लहान गोष्ट नव्हे.

जॉयचंही पुढे फार बरं झालं नाही. २००० साली अमेरिकेतल्या फिफी पुरस्कारांत लोकांनी त्याला ‘शतकाचं अत्तर’ म्हणून निवडलं. पण पातूची अत्तरं या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहिली. २०१८ साली ते घराणं एका बड्या फ्रेंच उद्योगसमूहानं घेतलं. त्याच वर्षी त्या समूहातल्या दिऑरनं ‘जॉय’ नावाचं एक अगदी वेगळं अत्तर बाजारात आणलं आणि जुनं जॉय दुकानांतून गेलं. योगायोग पाहा, ग्रासची फुलशेती आणि सुगंधकला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली तीही २०१८ मध्येच. व्हर्सायला ऑस्मोतेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे. १९९० साली ते उभारण्यात पुढाकार होता तो पातूच्याच ज्याँ केर्लेओ या सुगंधकाराचा. तिथं जुनी अत्तरं अंधारात, बारा अंश तापमानात, आर्गॉन वायूखाली जपून ठेवतात. मावशीचं लोखंडी कपाट त्या मानानं काही वाईट नव्हतं.

तिची बाटली आता माझ्याकडे आहे, रिकामी. तीही साड्यांखालीच. गेल्या संक्रांतीला माझी मुलगी वाणासाठी काहीतरी शोधत कपाटात डोकं घालून बसली होती. बूच सैल झालं असावं. आतूनच तिनं ओरडून विचारलं, ‘आई, इथं आजीच्या घराचा वास कसा येतोय?’